शेअर्ड मेमरीने रॅम किती खाल्ली? 'क्रॅश' टूलमध्ये असं बघा

आपल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशी आहे तो लिनक्स कर्नल. लिनक्सचा सर्व्हर कोलमडला, तर त्या क्षणाची मेमरी फाईलमध्ये जपता येते. ती तपासायला मी 'क्रॅश' हे टूल वापरतो.

रॅम भरली, पण खाल्ली कोणी? मी 'आयपीसीएस' कमांड कॅपिटल एमसह देतो. अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती शेअर्ड मेमरी. तिच्या प्रत्येक तुकड्याचे तीन आकडे दिसतात. समजा, 256/40/10 आले:

- 256: मागितलेली पानं. एक पान 4 केबी, म्हणजे 1 एमबी.
- 40: सध्या रॅममध्ये असलेली, फक्त 160 केबी.
- 10: स्वॅपमध्ये गेलेली.

उरलेल्या 206 पानांना अजून कोणी हातच लावलेला नाही, त्यामुळे त्यांनी जागा अडवलेली नाही. म्हणून पहिला आकडा बघून घाबरू नका, दुसरा बघा.

'एनअटॅच' रकान्यात 0 दिसला तर सावध व्हा! तो तुकडा सध्या कोणीच जोडलेला नाही. प्रोग्राम बंद झाले तरी, कोणी हटवेपर्यंत तो तसाच पडून राहतो. रॅम खाणारा बऱ्याचदा इथेच सापडतो.

अँड्रॉइडमध्ये शेअर्ड मेमरीची ही जुनी पद्धत नसते, पण पानं वाटून घ्यायचं तत्त्व तेच!