दवाखान्यातून कोर्टाच्या पायरीवर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण गेल्या महिन्यात एका वाचक भगिनीने नेमके उलटे विचारले आहे. त्या चौदा वर्षे मानसोपचार विभागात समुपदेशन करतात. त्या लिहितात, ‘गोळ्यांनी बाई सावरते, पण घरी गेल्यावर नवऱ्याने पाठवलेली घटस्फोटाची नोटीस हाती पडते. तिथे माझे शास्त्र संपते. मी आता कायदा शिकावा का?’

प्रश्न रास्त आहे. मनाच्या आजाराची निम्मी लढाई दवाखान्याबाहेरच असते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे घटस्फोटाचे एक कारण आहे खरे, पण नुसते आजाराचे नाव पुरत नाही. आजार इतका तीव्र हवा की जोडीदाराला सोबत राहणे अशक्य व्हावे. स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच हे स्पष्ट केले. पण हे ठाऊक नसल्याने डॉक्टरांची चिठ्ठी पाहताच माहेरची माणसे खचतात आणि मुकाट सह्या करून मोकळी होतात.

२००१ साली तमिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडाने बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. आज २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास आणि भूल न देता विजेचे झटके देण्यास बंदी आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. पण कायदा पुस्तकात राहिला तर रुग्णाच्या काय कामाचा? तो न्यायाधीशांपुढे मांडायला आजार आणि कलम दोन्ही जाणणारा माणूस लागतो.

म्हणून ताई, आपला विचार चांगला आहे. मात्र काही गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात. पदवीधरांसाठी एलएल.बी. तीन वर्षांचे असते. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. पत्राद्वारे घेतलेल्या कायद्याच्या पदवीवर वकिली करता येत नाही, त्यामुळे वर्गात हजेरी हवीच. नोकरी सांभाळून हे कसे जमेल, याचा हिशेब घरच्यांसोबत बसून करावा.

दुसरी अडचण मोठी आहे. मुंबईतील एक शल्यचिकित्सक डॉ. हनीराज चुलानी यांनी कायद्याची पदवी घेतली आणि डॉक्टरी चालू ठेवून सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने नकार दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९६ साली निकाल त्यांच्या विरोधात लागला. वकिली हा पूर्ण वेळेचा व्यवसाय आहे, असे न्यायालयाने म्हटले. थोडक्यात, दोन दगडांवर पाय ठेवता येणार नाही. सनद घ्यायची तर दवाखाना सोडावा लागेल. सनद न घेता कायद्याचे ज्ञान रुग्णांसाठी वापरायला मात्र आडकाठी नाही.

तिसरी गोष्ट मनाची. रोज दुसऱ्याची दुःखे ऐकून आपल्याला थकवा तर आला नाही ना? झोप उडणे, चिडचिड होणे, रुग्ण समोर आला की नकोसे वाटणे ही त्याची लक्षणे आहेत. तसे असेल तर आधी रजा घ्यावी, ज्येष्ठ सहकाऱ्याशी मोकळेपणी बोलावे, मग निर्णय घ्यावा. कोर्टातही दुःखच भेटते, तेही भांडणाच्या वेशात. आणि जायचे ठरलेच, तर आपल्या रुग्णांना अर्ध्या वाटेत सोडू नये. पुढे कोणाकडे जायचे, हे प्रत्येकाला महिनाभर आधी सांगावे.

इतर वाचकांनीही एक लक्षात ठेवावे. घरात मनाचा आजार असेल आणि कोर्टाची नोटीस आली, तर घाबरून कशावरही सही करू नये. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मानसिक आरोग्य कायद्याखालील हक्कांसाठी रुग्णालाही ही मदत मोफत मिळते. अशा वेळी कोर्टाची पायरी चढण्यातच शहाणपण आहे.