पाठीच्या कण्यातील पाण्याची पिशवी

श्रोतेहो, चामड्याची मोट किंवा पखाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय जड जाणार नाही. पखालीला चीर पडली तर ती शिवायची, की वर ठिगळ लावायचं? मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनपुढेही कधी कधी नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

मणक्यांच्या पोकळीत मज्जारज्जू असतो. कमरेच्या वरच्या भागात तो संपतो आणि तिथून खाली नसांचा झुपका जातो. या सर्वांभोवती एक चिवट पडदा आहे; डॉक्टर त्याला ड्युरा म्हणतात. त्याच्या आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मेंदूभोवतीचा धरून तो सारा सुमारे 150 मिलिलिटर भरतो. शरीर मात्र दिवसाला सुमारे 500 मिलिलिटर नवा द्रव तयार करतं आणि जुना रक्तात मुरतो. मेंदू या द्रवात जणू तरंगत असतो.

सरकलेली चकती काढताना किंवा दबलेली नस मोकळी करताना हा पडदा कधी फाटतो. आधीच्या ऑपरेशनमुळे तो आसपास चिकटलेला असेल, तर कुशल हातांतूनही असं घडतं. म्हणून चीर पडली एवढ्यावरून निष्काळजीपणा ठरत नाही. ती ओळखून नीट बुजवणं महत्त्वाचं.

पहिला उपाय टाक्यांचा. चीर समोर दिसत असेल तर भिंगातून पाहत अगदी बारीक धाग्याने ती शिवतात. मग भूल देणारे डॉक्टर रोग्याच्या छातीतला हवेचा दाब क्षणभर वाढवतात. त्याबरोबर द्रवाचाही दाब वाढतो आणि शिवण झिरपते की नाही ते कळतं. उणीव एवढीच, की प्रत्येक टाक्याला सुईचं नवं भोक पडतं आणि आतली नस टाक्यात सापडू नये म्हणून जपावं लागतं.

दुसरा उपाय ठिगळाचा. चीर हाडाआड असेल तर सुई फिरवायला जागाच नसते. तिथे रोग्याच्याच अंगातील चरबीचा किंवा स्नायूचा तुकडा, नाहीतर कोलॅजनचा तयार पापुद्रा बसवतात. तिसरा उपाय वैद्यकीय डिंकाचा. हा बहुधा टाक्यांना किंवा ठिगळाला जोड म्हणून वापरतात. काही डिंक मागाहून फुगतात व नसांवर दाब आणू शकतात, म्हणून ते बेतानेच लावावे लागतात.

मग सरस कोणता? सर्वांना लागू पडेल असा एकच उपाय अजून ठरलेला नाही. चीर कुठे आहे आणि केवढी आहे, यावर निवड अवलंबून असते. ठिगळ बाहेरून लागतं आणि द्रव आतून रेटतो. म्हणून वरचे स्नायूंचे थरही घट्ट शिवावे लागतात. पूर्वी रोग्याला कित्येक दिवस सपाट निजवून ठेवीत. आता दुरुस्ती पक्की असेल तर पुष्कळ डॉक्टर लवकर उठवतात, कारण फार पडून राहिल्यानेही पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, छाती भरते.

खरी जोखीम घरी गेल्यावर आहे. 1898 साली जर्मनीत कील येथे ऑगस्ट बीअर या सर्जनने कमरेत सुई टोचून भूल देण्याचा प्रयोग स्वतःवर करवून घेतला. नंतर कित्येक दिवस त्याला डोकेदुखीने छळलं. आडवं झालं की आराम पडे. सुईच्या भोकाने एवढं, मग चिरेने किती!

तेव्हा उठून बसल्यावर डोकं ठणकलं आणि निजल्यावर थांबलं, पट्टी स्वच्छ पाण्याने भिजू लागली, ताप आला, मान ताठली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. ‘पाणीच तर आहे, पू नाही’ असं म्हणून थांबू नये. ज्या वाटेने पाणी बाहेर येतं, त्याच वाटेने जंतू आत शिरतात.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. दवाखान्याचा कागद पुष्कळदा तुमच्याकडूनच वाचून घेतला जातो. त्यावर ‘ड्युरल टेअर’ असे शब्द दिसले, तर घाबरवू नका. पण वरच्या चार खुणा त्या घरातल्यांना तेवढ्या समजावून सांगा.