बोहल्याशिवाय घर? सावधान!

ईएमआय दोघांचा. पण कागदावर फ्लॅट कुणाचा?

फ्रिज तिचा, वॉशिंग मशीन त्याचं, बाल्कनीतली तुळस दोघांची. ईएमआय तर नक्कीच दोघांचा! पुण्या-मुंबईत लिव्ह-इनमध्ये राहणाऱ्या दोस्तमंडळींना मी हल्ली एकच बोअरिंग प्रश्न विचारते, ‘अ‍ॅग्रीमेंटवर नाव कुणाचं?’ उत्तर ठरलेलं. ‘काय गं, तू पण ना! आमचा ट्रस्ट आहे एकमेकांवर.’

ट्रस्ट असू दे. पण खरा घोळ होतो तो जोडीदार अचानक गेल्यावर. तेव्हा गाठ त्याच्याशी नसते, त्याच्या वारसांशी असते.

मी मूळची कुंभार पिंपळगावची. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. ‘शुभमंगल सावधान’ ऐकून बोहल्यावरून पळाले अशी ज्यांची आख्यायिका, ते समर्थ रामदास आमच्याच तालुक्यातल्या जांबचे. बोहल्यावर न चढताच घर मांडणाऱ्यांनाही तोच शब्द सांगावासा वाटतो. आमच्याकडे गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर असते. ‘घर दोघांचे’ म्हणत सरकारने तिथे नवऱ्यासोबत बायकोचंही नाव लावायला सांगितलं. मस्तच! पण ‘दोघं’ म्हणजे नवरा-बायको. पार्टनरचा रकाना गावात नाही, तसा शहरातही नाही.

आई वारस, पार्टनर नाही

समजा, असाच गावाकडचा एक मुलगा हिंजवडीत नोकरी करतो आणि मैत्रिणीसोबत फ्लॅट घेतो. हिस्सा अर्धा-अर्धा. मृत्युपत्र न करता तो गेला, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याचा हिस्सा त्याच्या आईला जातो. ती गेली, तर तिचा हिस्सा तिच्या आई-वडिलांना. मागे राहिलेल्या पार्टनरला त्यातलं काहीच नाही. उद्या त्या आईने वाटणी मागितली, तर तो तिचा हक्कच आहे.

फ्लॅट एकाच्याच नावावर असेल तर आणखी कठीण. ‘पैसे मी भरले, खरी मालक मीच’ हा दावा १९८८ चा बेनामी व्यवहार कायदा अडवू शकतो. नवरा-बायकोला त्यात सूट आहे, पार्टनरला नाही.

कोर्ट आहे ना?

आहे, पण मर्यादेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘विवाहसदृश’ नात्यातल्या स्त्रीला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. असं नातं कशाला म्हणायचं, याच्या अटी सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये वेलुसामी खटल्यात सांगितल्या. दोघंही लग्नाच्या वयाचे आणि लग्नाला मोकळे हवेत, समाजात जोडपं म्हणून वावरलेले हवेत, बराच काळ एकत्र राहिलेले हवेत. पण लक्षात घ्या, हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. आणि पुरुष पार्टनरला तर तोही नाही.

हे उरकून टाका

• खरेदीखतावर दोघांची नावं आणि टक्केवारी लिहा. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर जेवढे पैसे तेवढा हिस्सा. कुणी किती भरले याचा पुरावा नसेल, तर समान.

• ईएमआय आपापल्या खात्यातून भरा. रोख नको. स्टेटमेंट जपून ठेवा.

• वेगळं झालात तर कोण कुणाचा हिस्सा घेणार, किंमत कशी ठरणार, याचा करार वकिलाकडून करून घ्या.

• दोघांनीही मृत्युपत्र करा. दोन साक्षीदार लागतात, त्यात पार्टनर नको. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी.

• सोसायटीत नॉमिनी लावा, पण तेवढ्यावर थांबू नका. नॉमिनी हा राखणदार, मालक नव्हे.

• ‘नंतर बक्षीसपत्र करू’ म्हणत असाल, तर आधी हिशेब करा. महाराष्ट्रात राहतं घर नवरा-बायकोने एकमेकांना दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये. पार्टनरला ही सवलत नाही, वर मिळालेल्या हिश्शावर इन्कम टॅक्सही लागू शकतो. मृत्युपत्राने मिळालं तर तो टॅक्स नाही.

आणि हो, पार्टनरच्या गावाकडच्या घराला मजला चढवायला पैसे देताय? नमुना आठ ही करआकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. द्यायचेच असतील तर बँकेतून द्या आणि उसने की भेट, ते लिहून घ्या.

पझेशनची पार्टी होईलच. त्याआधी एक शनिवार वकिलाकडे घालवा, दोघांनी मिळून.