भवानी पेठेतलं पिल्लू : किती पळवावं, किती झोपू द्यावं

सोलापूरच्या भवानी पेठेत एखाद्या घरी पिल्लू आलं की दुपारपर्यंत साऱ्या बोळाला कळतं. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतली पोरं ‘कुक्कपिल्ला, कुक्कपिल्ला’ करत दारात गोळा होतात, शेजारच्या काकू दुधाची वाटी घेऊन येतात आणि मग सल्ले सुरू होतात. ‘सगळी इंजेक्शनं होईपर्यंत उंबऱ्याबाहेर काढू नका.’ ‘रोज तासभर पळवा, म्हणजे मस्ती जिरते.’ ‘गावठीच आहे ना, मग त्याला काय शिकवायचं?’ सल्ला देणाऱ्यांचा त्या जिवावर लोभ असतो, यात शंका नाही. पण यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि पहिल्या तीन-चार महिन्यांतल्या चुका पुढे दहा-बारा वर्षं त्या कुत्र्याला आणि घराला भोगाव्या लागतात.

एक चूक तर पिल्लू घरी येण्याआधीच होऊन जाते. डोळे उघडले, दुडुदुडु चालायला लागलं की उचलून आणायचं, कारण लहानपणी आणलं की लळा लागतो, अशी समजूत आहे. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली १४० कुत्र्यांची माहिती ताडून पाहिली. त्यांतली निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली होती, निम्मी दोन महिन्यांची झाल्यावर. लवकर तोडलेल्यांत फिरायला नेल्यावर घाबरणं, अतोनात भुंकणं, वस्तू फाडणं जास्त आढळलं. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात चावलं की भावंड कळवळतं आणि खेळ थांबतो. हा धडा माणसाला तितका चांगला देता येत नाही. आपल्याकडे २०१७च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकायलाच बंदी आहे. बोळातल्या कुत्रीच्या पिल्लांना असा नियम लागू होत नसला, तरी त्यांनाही आईची गरज तेवढीच असते.

सर्वांत जास्त नुकसान मात्र इंजेक्शनांविषयीच्या गैरसमजाने होतं. त्यामागची भीती खरी आहे. पार्व्होचा विषाणू मातीत, फरशीच्या फटींत कित्येक महिने तग धरतो आणि लहान पिल्लाचा जीव दोन-तीन दिवसांत घेऊ शकतो. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, पुन्हा द्यावी लागते. कारण आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लशीलाच निष्प्रभ करते, आणि ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं. म्हणजे सगळे डोस संपेपर्यंत पिल्लू चार महिन्यांचं होतं.

आणि तोवर उशीर झालेला असतो. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं; त्यानंतर अनोळखी ते सारं भीतीदायक वाटू लागतं. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेने हे १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दाखवून दिलं. उंच कुंपणाच्या शेतात माणसाचा सहवास न देता पिल्लं वाढवली गेली आणि वेगवेगळ्या वयात त्यांना आठवडाभर माणसांत आणलं गेलं. १४ आठवड्यांपर्यंत माणसांत न आलेली पिल्लं पुढेही माणसाला बिचकतच राहिली. म्हणून अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट भूमिका घेतली: पहिली लस आणि पहिलं जंतनाशक देऊन आठवडा झाला की सातव्या-आठव्या आठवड्यापासूनच पिल्लाला जगाची ओळख करून द्यावी.

भवानी पेठेत ही ओळख करून देणं फारसं अवघड नाही, फक्त पिल्लाचे पाय रस्त्याला लागू द्यायचे नाहीत. कडेवर घेऊन बोळाच्या तोंडाशी दहा मिनिटं उभं राहिलं तरी रिक्षा, सायकल, भाजीची गाडी, बुरखा घातलेली बाई, काठी टेकत चाललेले आजोबा, एवढं सगळं त्याला दिसतं. यंत्रमागाचा खडखडाट आधी लांबून ऐकवावा, खाऊ द्यावा, दुसऱ्या दिवशी दोन पावलं पुढे जावं. लग्नाचा बँड, कुकरची शिट्टी, लेझीम, सगळ्याला हीच रीत. लस झालेलं, शांत स्वभावाचं ओळखीचं कुत्रं असेल तर त्याच्या अंगणात खेळू द्यायला हरकत नाही. भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेची जागा, कचराकुंडी आणि दवाखान्याची जमीन मात्र टाळावी.

‘माणसाळवणं’ याचा अर्थ सगळ्यांच्या हातांतून फिरवणं असाही घेतला जातो. दहा पोरं एकदम अंगावर आली तर पिल्लू माणसाळत नाही, माणसांना घाबरायला शिकतं. शेपूट पोटाखाली, पुन्हा पुन्हा जांभया, ओठ चाटणं, तोंड फिरवणं ही ‘आता पुरे’ची खूण आहे. मुलांना जमिनीवर बसवावं, एका वेळी दोघांनाच, आणि जवळ जायचं की नाही हे पिल्लाला ठरवू द्यावं.

याच खेळात दात लागतात, आणि तिथे एक जीवघेणी समजूत आडवी येते: लहान पिल्लू चावलं तर रेबीज होत नाही. होऊ शकतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. पोटात चौदा इंजेक्शनं देण्याचा काळ कधीच मागे पडला. आता दंडात मोजके डोस घ्यावे लागतात. पिल्लाला स्वतःला रेबीजची पहिली लस तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढची वर्षभराने द्यायची असते.

आता पळवण्याविषयी. कारवानी आणि पश्मी ही शिकारी कुत्री या भागातल्या वाड्यावस्त्यांवर पिढ्यान्पिढ्या आहेत. मुधोळच्या नावाने ओळखली जाणारी जात तीच. २००५ साली टपाल खात्याने तिचं तिकीटही काढलं. अशा जातीचं तीन-चार महिन्यांचं पिल्लू मोटारसायकलमागे पळवून ‘पाय तयार’ करण्याची हौस काहींना असते. पाय त्याने तयार होत नाहीत, बिघडू शकतात. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेचे मऊ थर असतात आणि हाड तिथूनच वाढतं. मध्यम चणीच्या कुत्र्यात ते नऊ ते बारा महिन्यांपर्यंत, थोराड कुत्र्यात दीड वर्षापर्यंतही कच्चे असतात. तोवर दोरीला बांधून एका लयीत पळवणं, उंचावरून उड्या मारायला लावणं टाळलेलं बरं.

उलट टोकालाही एक ठरीव नियम फिरत असतो: वयाच्या दर महिन्यामागे पाचच मिनिटं चालवायचं. अंदाज म्हणून ठीक, पण त्यामागे ठोस संशोधन नाही. नॉर्वेत चार थोराड जातींच्या सुमारे ५०० कुत्र्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन महिन्यांत रोज जिने चढलेल्या पिल्लांत खुब्याचा दोष जास्त आढळला, तर मऊ, थोड्या चढउताराच्या जमिनीवर मोकळं खेळलेल्यांत कमी. पेठेतल्या घरांसाठी त्याचा अर्थ सरळ आहे. माळवदाचा जिना असेल तर पिल्लाला उचलून वर न्यावं, आणि कठडा असलेल्या गच्चीवर मोकळं सोडावं. मोकळं पिल्लू दमलं की आपण होऊन बसतं. दोरीला बांधलेल्याला ती मुभा नसते. गुळगुळीत फरशीवर जुनी सोलापुरी चादर अंथरली तर पाय घसरत नाहीत.

सोलापूरच्या उन्हाचं भान तर ठेवायलाच हवं. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांतून. बाकी बहुतेक उष्णता धापा टाकूनच बाहेर टाकावी लागते. पालथा हात रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेवता येत नसेल तर पिल्लाला तिथे चालवू नये. सकाळी सातच्या आत किंवा जमीन निवल्यावरच बाहेर काढावं.

झोपेकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं. पिल्लू दिवसाचे १८-२० तास झोपतं असं सर्रास सांगितलं जातं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत, २०२० साली, चार महिन्यांच्या पिल्लांच्या मालकांनी सरासरी ११ तासांच्या आसपास झोप नोंदवली. त्याहून लहान पिल्लं आणखी झोपतात, आणि मधल्या डुलक्या मोजायच्या की नाही यावर आकडा बदलतो. आकड्यापेक्षा लक्षण पाहावं. तासभर खेळून झाल्यावर पिल्लू साडीचा पदर ओढू लागलं, वेड्यासारखं गोल पळू लागलं, की घरात म्हणतात, ‘अजून दमलं नाही, आणखी खेळवा.’ बहुतेक वेळा ते अति दमलेलं असतं, झोपेला आलेल्या तान्ह्या बाळासारखं. त्याला मागापासून दूर, दारापासून आत एक कोपरा द्यावा, आणि झोपलेल्या पिल्लाला कुणी हात लावायचा नाही हे मुलांना बजावावं.

राहिलं गावठी पिल्लू. त्याला काही लागत नाही, ते रस्त्यावर आपोआप वाढतं, हे म्हणणं आकड्यांपुढे टिकत नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेच्या संशोधकांनी ३६४ भटक्या पिल्लांचा मागोवा घेतला. सात महिन्यांपर्यंत जगली फक्त १९ टक्के, आणि बहुतेक मृत्यूंना माणूसच कारण होता. लस, झोप, खेळ, ओळख यांत गावठी आणि विकतचं असा भेद नाही.

भटक्या कुत्र्यांची पिल्लं आपल्याकडे बहुधा हिवाळ्यात जन्मतात. त्यामुळे जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा त्यांतली बरीच ऐन शिकण्याच्या वयात असतात. नंदीध्वजांची मिरवणूक दाखवायला पिल्लू गर्दीत नेऊ नये. शोभेच्या दारूकामाच्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावं, खिडक्या लावाव्यात, पंखा किंवा टीव्ही चालू ठेवावा. घाबरून कुशीत शिरलं तर जवळ घ्यावं. जवळ घेतल्याने भीती वाढते, हाही गैरसमजच आहे. त्या एका रात्री घरातल्या कुणीतरी दारूकाम चुकवून त्याच्यापाशी बसावं, एवढी विनंती.