मराठा छत्रीधारी पलटण

मराठा छत्रीधारी पलटण : भारतीय भूसेनेच्या पॅराशूट रेजिमेंटमधील दुसरी पलटण. लष्करी व्यवहारात ती ‘२ पॅरा (मराठा)’ या नावाने ओळखली जात असे. मूळची मुंबई लष्करातील ही पायदळ पलटण १९४६ मध्ये छत्रीधारी झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगला देशच्या युद्धात तिने टांगाइलजवळ विमानांतून उतरून शत्रूच्या पिछाडीचा पूल हस्तगत केला. हवाई छत्रीने रणांगणात उतरण्याचा प्रसंग तिच्या वाट्यास पाव शतकात एकदाच आला. त्याची तयारी मात्र अखंड ठेवावी लागली. छत्रीधारी सैन्याचा उपयोग व त्याच्या मर्यादा या दोन्हींची कल्पना तिच्या इतिहासावरून येते.

तंत्र व मर्यादा : छत्रीधारी सैनिकाच्या पाठीवर मुख्य छत्री व पुढे राखीव छत्री असते. मुख्य छत्रीला जोडलेल्या पट्ट्याचा आकडा विमानातील तारेत अडकविलेला असतो. सैनिकाने दारातून उडी घेतली, की हा पट्टा ताणला जाऊन छत्री आपोआप उघडते. उडी कमी उंचीवरून घेतली जाते, कारण हवेत जितका वेळ जास्त तितका शत्रूच्या गोळीबाराचा धोका अधिक आणि वाऱ्याने सैनिक विखुरण्याचा संभवही अधिक. छत्रीधारी होण्यासाठी सैनिकाला स्वेच्छेने पुढे यावे लागते. कठोर चाचणीतून निवड झाल्यावर रात्रीच्या एका उडीसह एकूण पाच उड्या पूर्ण केल्यानंतरच त्याला छत्रीधाराचे पदचिन्ह मिळते. हे शिक्षण आग्रा येथे दिले जाते.

जमिनीवर पाय टेकल्यानंतर मात्र छत्रीधारी सैनिक हा हलकी शस्त्रे बाळगणारा पायदळ सैनिकच असतो. त्याच्याजवळ रणगाडे नसतात, तोफा मोजक्या असतात व दारूगोळा बरोबर आणला असेल तेवढाच असतो. म्हणून जमिनीवरून पुढे सरकणारे आपले सैन्य ठरल्या वेळी त्याला येऊन मिळणे हीच अशा मोहिमेची खरी कसोटी होय. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधील आर्नेम येथे उतरलेल्या ब्रिटिश पहिल्या हवाई डिव्हिजनपर्यंत जमिनीवरील सैन्य वेळेवर पोहोचू शकले नाही. ऱ्हाईन नदीच्या उत्तरेस लढलेल्या सु. १०,००० सैनिकांपैकी सु. २,४०० च सैनिक नदी ओलांडून परत येऊ शकले.

भारतीय छत्रीधारी सैन्याचा उगम : भारतात ५० वी छत्रीधारी ब्रिगेड ऑक्टोबर १९४१ मध्ये दिल्ली येथे उभारण्यात आली. तिच्यात एक ब्रिटिश, एक भारतीय व एक गुरखा अशा तीन पलटणी होत्या. त्याच महिन्यात लेफ्टनंट ए. जी. रंगराज हे वैद्यकीय अधिकारी व हवालदार मेजर मथुरासिंग या पहिल्या भारतीय सैनिकांनी छत्रीने उडी घेतली. मार्च १९४४ मध्ये जपानी सैन्य मणिपूरमध्ये घुसले, तेव्हा या ब्रिगेडने सांगशाक येथे शत्रूला २१ ते २६ मार्चपर्यंत रोखून धरले. या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही तिच्या जोडीला होती. ब्रिगेडची हानी मोठी झाली. परंतु तेथे मिळालेला अवधी कोहीमा व इंफाळ यांच्या संरक्षणास उपकारक ठरला. छत्रीधारी ब्रिगेडची ही पहिली मोठी लढाई जमिनीवरच लढली गेली, ही गोष्ट लक्षणीय होय.

त्याच वर्षी ४४ वी भारतीय हवाई डिव्हिजन स्थापन झाली व ५० वी ब्रिगेड तिच्यात समाविष्ट करण्यात आली. १ मे १९४५ रोजी रंगूनच्या मुखाजवळील एलेफंट पॉइंट येथे एक संमिश्र गुरखा पलटण छत्रीने उतरविण्यात आली. या डिव्हिजनला पुढे ‘दुसरी भारतीय हवाई डिव्हिजन’ असे नाव देण्यात आले. १९४७ मध्ये फाळणीबरोबर तिचीही विभागणी झाली. ५० व ७७ या ब्रिगेडी भारताकडे राहिल्या व १४ वी ब्रिगेड पाकिस्तानकडे गेली.

पलटणीचा पूर्वेतिहास : ही पलटण १७९७ मध्ये मुंबई लष्करात उभारण्यात आली. पुढे ती ‘११० वी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कुट येथील वेढ्यात ती सापडली होती. १९२२ च्या पुनर्रचनेत ती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटची तिसरी पलटण बनली. दुसऱ्या महायुद्धात एरिट्रियातील केरेनच्या डोंगराळ रणांगणावर (१९४१) आणि नंतर इटलीत ती लढली. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्व सैनिक मशीनगनच्या माऱ्याने ठार वा जखमी झाले. घाडगे यांनी एकट्याने त्या मोर्चावर चाल करून तो निकामी केला व लगेचच शत्रूच्या गोळ्यांनी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. ते रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे होते.

१९४६ मध्ये या पलटणीची छत्रीधारी कार्यासाठी निवड झाली. ५० व्या ब्रिगेडमधून ती जम्मू-काश्मीरमध्ये लढली. डिसेंबर १९४७ मध्ये शत्रूच्या हाती गेलेले झांगर मार्च १९४८ मध्ये या ब्रिगेडने परत घेतले. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर महंमद उस्मान ३ जुलै १९४८ रोजी झांगर येथे तोफगोळ्याने धारातीर्थी पडले. १५ एप्रिल १९५२ रोजी पंजाब, मराठा व कुमाऊँ या रेजिमेंटांच्या छत्रीधारी पलटणी एकत्र करून पॅराशूट रेजिमेंट स्थापन करण्यात आली. तिच्यात मराठा पलटणीला दुसरा क्रमांक मिळाला. रेजिमेंट बदलली, तरी ‘मराठा’ हे नाव कायम राहिले.

गोवा मुक्ती : डिसेंबर १९६१ मधील गोव्याच्या कारवाईत ब्रिगेडियर सगतसिंग यांच्या आधिपत्याखालील ५० वी ब्रिगेड उत्तरेकडून गोव्यात शिरली. १८ डिसेंबर रोजी तिने तीन फळ्यांनी चाल केली. पूर्वेकडील फळीत मराठा पलटण होती व तिचा मार्ग फोंड्यावरून होता. छत्र्यांचा वापर न करता नदीनाले ओलांडीत ही ब्रिगेड वेगाने पुढे सरकली. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्ता संपुष्टात आली.

टांगाइलची मोहीम : डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय सैन्य उत्तरेकडून ढाक्याच्या रोखाने येत असताना मैमनसिंग व जमालपूर येथील पाकिस्तानी ९३ वी ब्रिगेड राजधानीच्या संरक्षणासाठी माघार घेऊ लागली. तिचा मार्ग टांगाइलच्या उत्तरेस लोहाजंग नदीवरील पुंगली पुलावरून जात होता. हा पूल घेऊन शत्रूची माघार तोडण्याची कामगिरी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या मराठा पलटणीवर सोपविण्यात आली. तोफखाना, अभियंते व वैद्यकीय पथक तिच्या जोडीला देण्यात आले. टांगाइल भागात अब्दुल कादर सिद्दिकी यांचे मुक्तिसैनिक कार्यरत होते. त्यांच्याशी संपर्क साधण्यासाठी एक भारतीय अधिकारी आधीच शत्रूच्या मुलखात पाठविण्यात आला होता.

११ डिसेंबर रोजी कलाईकुंडा व डमडम येथील विमानतळांवरून अँटोनॉव्ह-१२, पॅकेट, डाकोटा व कॅरिबू जातींची सु. ५० विमाने निघाली. दुपारी साडेचारच्या सुमारास ७०० हून अधिक सैनिक खाली उतरले. काही सैनिक व सामान विखुरले गेले, काही सामान तळ्यांत पडले. ते गोळा करण्यास स्थानिक गावकऱ्यांनी मदत केली. संध्याकाळी सातच्या सुमारास पूल पलटणीच्या ताब्यात आला. उत्तरेकडून माघार घेत आलेल्या शत्रुसैन्याने रात्री केलेले हल्ले परतवून लावण्यात आले. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी जमालपूरकडून आलेले भारतीय सैन्य पुलावर पोहोचले. त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजेच जंगी पलटण, होती. अशा रीतीने एकाच रेजिमेंटच्या परंपरेतील दोन पलटणी, एक आकाशातून व एक जमिनीवरून येऊन, पुंगलीच्या पुलावर एकत्र आल्या. आर्नेम येथे जे साधले नव्हते, ते येथे सु. एका दिवसात साधले. १६ डिसेंबर रोजी ढाक्यात प्रवेश करणाऱ्या पहिल्या भारतीय सैनिकांत ही पलटण होती. पन्नू यांना महावीरचक्र व पॅराशूट रेजिमेंटला ‘पुंगली पूल’ हा युद्धसन्मान मिळाला.

या मोहिमेचा मानसिक परिणामही मोठा झाला. पूर्वीच्या एका सरावाचे छायाचित्र वृत्तपत्रांकडे गेल्यामुळे पूर्ण ब्रिगेड उतरल्याचा समज जगभर पसरला. ढाक्यातील पाकिस्तानी सेनापतींच्या मनावर त्याचा दबाव आला. प्रत्यक्षात उतरली होती ती एक पलटण व तिला जोडलेली पथके.

नंतरचा काळ : १९७१ नंतरच्या मोहिमांत मोठ्या तुकड्या उतरविण्यासाठी विमानतळ हाती असेल तर विमानेच उतरविणे सोयीचे ठरू लागले. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवमधील बंड मोडण्यासाठी गेलेले ५० व्या ब्रिगेडचे सैनिक विमानतळावरच उतरले. छोट्या, विशेष प्रशिक्षित पथकांचे महत्त्व वाढले. १९८५ मध्ये उभारलेली मराठा लाइट इन्फंट्रीची २१ वी पलटण १९९६ मध्ये ‘२१ पॅरा (विशेष दल)’ बनली. दुसऱ्या मराठा पलटणीचेही पुढे विशेष दलाच्या पलटणीत रूपांतर झाले.

सांगशाक, झांगर व गोवा येथे छत्रीधारी सैन्य जमिनीवरच लढले; छत्री लढाईत कामी आली ती टांगाइलला. तथापि शत्रूला आपल्या पिछाडीची सदैव धास्ती असणे हाही अशा सैन्याच्या अस्तित्वाचा एक लाभ होय. टांगाइलचे यश मात्र केवळ उडीचे नव्हते. नेमका निवडलेला पूल, मुक्तिसैनिक व गावकरी यांचे साहाय्य, रात्रभर पूल धरून ठेवणारे पायदळ आणि ठरल्या वेळी पोहोचलेले जमिनीवरील सैन्य या सर्वांमुळे ते शक्य झाले.