दमसास वाढवायचा तर आधी वेग कमी करा

 

मार्चअखेरीला घड्याळं एक तास पुढे जातात, इंग्लंडातल्या संध्याकाळी उजेड रेंगाळू लागतो आणि आपल्यातले बरेच जण कपाटातले बूट बाहेर काढतात. पहिल्याच दिवशी जोरात धावत सुटायचं, तिसऱ्या मिनिटाला धाप लागायची, बरगडीखाली कळ यायची आणि ‘हे आपलं काम नव्हे’ म्हणत बूट परत कपाटात जायचे. असं तुमचंही झालं असेल, तर दोष तुमच्या वयाचा किंवा अंगकाठीचा आहे, असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा चुकतो तो वेग.

हा विषय आपल्यासाठी नुसत्या हौसेचा नाही. दक्षिण आशियाई लोकांना टाइप २ मधुमेह इतरांपेक्षा कमी वयात आणि कमी वजनातही गाठतो. म्हणून इथले डॉक्टर वाढत्या धोक्याची बीएमआयची रेषा आपल्यासाठी २५ ऐवजी २३ वर धरतात. दिवसभर लॅपटॉपसमोर बसणाऱ्याने आठवड्यातून तीनदा अर्धा तास धावणं, हा त्यावरचा एक चांगला उपाय आहे.

मग वेग किती ठेवायचा? साधी खूण सांगतो. धावताना शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास तुटला, तर वेग जास्त आहे. आपले वारकरी आठवा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालतात, तेही अभंग गात! ज्या चालीत गाता येतं, ती चाल दिवसभर टिकते. शिवाय वाटेत विसावा असतो. पालखी पुण्यात आणि सासवडला तर दोन-दोन रात्री मुक्काम करते. दमसास कसा राखायचा, हे आपल्याला नवीन नाही.

सावकाश धावल्याने शरीरात काय होतं? हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात आणि प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारी पेशींमधली केंद्रंही वाढतात. पण इथे एक गोम आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांतच सरावतात, हाडांना आणि टाचेमागच्या जाड शिरेला मात्र त्याहून जास्त वेळ लागतो. महिनाभराने वाटतं, आता दम लागत नाही, दुप्पट धावूया. नेमकी तेव्हाच नडगी दुखायला लागते. म्हणून छाती ‘चल’ म्हणाली, तरी पायांना विचारल्याशिवाय अंतर वाढवू नका.

सुरुवातीसाठी एनएचएसचा ‘काउच टू फाइव्ह के’ हा ९ आठवड्यांचा मोफत कार्यक्रम चांगला आहे. आठवड्यातून ३ दिवस धावायचं आणि दोन धावांमध्ये किमान एक दिवस विश्रांती घ्यायची. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं भरभर चालायचं. मग ६० सेकंद धावणं आणि ९० सेकंद चालणं, असं आलटून पालटून २० मिनिटं. धावण्याचा वेळ वाढत वाढत नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटांवर येतो. एखादा आठवडा जड गेला, तर तोच पुन्हा करा. ९ चे १२ आठवडे झाले, म्हणून काही बिघडत नाही.

अर्धा तास जमू लागला, की आठवड्यातली एकच धाव थोडी थोडी लांबवा. बाकीच्या दोन तशाच राहू द्या. अंतर आणि वेग एकाच वेळी वाढवू नका. दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम हलका ठेवा.

जेवून लगेच धावू नका. भरपेट जेवणानंतर दोन-तीन तास जाऊ द्या. सकाळी रिकाम्या पोटी नको वाटलं, तर एखादं केळं पुरे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा गोळ्या चालू असतील, तर धावताना साखर एकदम खाली जाऊ शकते. त्यामुळे आधी डॉक्टरांशी बोला. हृदयविकार असेल, तरीही तेच. धावताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली, तर तिथेच थांबा. थांबूनही छातीतलं दुखणं जात नसेल, तर ९९९ ला फोन करा.

एकट्याने कंटाळा येतो? मग शनिवारी सकाळी ९ वाजता जवळच्या पार्करनला जा. २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये अवघ्या १३ धावपटूंनी सुरू झालेला हा ५ किलोमीटरचा उपक्रम आता देशभर चालतो. पैसे लागत नाहीत, एकदा नाव नोंदवलं की झालं. चाललात तरी चालतं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक मुद्दाम चालत असतो, त्यामुळे शेवटचा नंबर आपला येण्याची भीतीच नाही. भारतातून आलेल्या आई-बाबांनाही सोबत न्या. ४ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी रविवारी २ किलोमीटरची वेगळी धाव असते.

तेव्हा मंडळी, येत्या आठवड्यात ६० सेकंदांपासून सुरुवात करा. सोबत घरचं कुणी असेल, तर मराठीत गप्पा मारत धावा. गप्पा थांबल्या, की समजा वेग वाढला.