देशानं डाग गहाण ठेवला तेव्हा



शिरूर-दौंडच्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. रांजणगाव, कुरकुंभच्या एमआयडीसीत एवढ्या कंपन्या, त्यातही परदेशी नावांच्या, आल्या कशा? त्याचं उत्तर शोधायला १९९१ सालात जावं लागतं.

स्वातंत्र्यानंतर देशानं ठरवलं होतं, की मोठे कारखाने सरकारनं चालवायचे आणि खासगी कारखान्यांनी किती माल काढायचा याचा परवाना सरकारनं द्यायचा. त्यातून पोलादाचे कारखाने उभे राहिले, धरणं झाली. पण परवान्यापायी माल अपुरा पडायचा. आपल्या आकुर्डीला बनणाऱ्या चेतक स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत.

पुढं सरकारचा खर्च मिळकतीपेक्षा वाढला आणि कर्ज चढत गेलं. परदेशातून तेल आणायचं तर डॉलर लागतात, आणि आपला माल बाहेर कमी जायचा. त्यात ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं. तेल महागलं. आखातात कामाला गेलेली आपली माणसं परतली, त्यांचे पैसे यायचे थांबले. आपलं मोठं गिऱ्हाईक असलेला सोव्हिएत संघही डबघाईला आला होता. जून १९९१ मध्ये जेमतेम दोन-तीन आठवडे पुरतील एवढेच डॉलर उरले.

मग देशानं तेच केलं, जे अडल्यावर आपण करतो. डाग गहाण ठेवला. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेचं सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवून इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडून पैसे उचलले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडूनही कर्ज घेतलं. त्याच्या अटी होत्या : खर्च आवरा, बाजार खुला करा. परवाना पद्धत बदलावी असं देशातही काही जण आधीपासून म्हणत होते, पण अडचण आली तेव्हाच ते घडलं. नरसिंह राव पंतप्रधान होते. अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी २४ जुलैला अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी बहुतेक उद्योगांचा परवाना रद्द झाला.

यातून आपल्या पोरांना काम मिळालं, हे खरं. पण त्यातलं बरंचसं कंत्राटी आहे, हेही आपण रोज बघतो.

आपल्या गटानं यातून एक गोष्ट घ्यावी. डाग गहाण पडला की अटी देणाऱ्याच्या चालतात. म्हणून पुढच्या बैठकीत कर्जाचा अर्ज आला, की आधी विचारू या : बाई, महिन्याची मिळकत किती आणि हप्ता किती?